दहा चिंध्या

वहिनींच्या हातात कात्री दिसली की घरातल्या जुन्या कपड्यांनी जीव मुठीत धरावा. चादरीचा कोपरा विरला, उशीचा अभ्रा पिवळा पडला, की गेलाच तो. वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद अशा चिंध्या त्या कापायच्या, धुऊन वाळवायच्या आणि दहा-दहाच्या जुड्या बांधून डब्यात ठेवायच्या. मिस्त्रींचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, एक चांगला शर्ट, ज्याची फक्त कॉलर विरली होती, तो असाच गेला. मिस्त्री दोन दिवस कपाटात शोधत होते. तिसऱ्या दिवशी तो त्यांना एका इंजिनापाशी सापडला, तुकड्या-तुकड्यांत.

दहाच का, ते सांगतो. मिस्त्रींच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गाड्या जुन्या, चार सिलिंडरच्या. त्यांच्या इंजिनाचं वरचं जड झाकण, म्हणजे हेड, खालच्या भागावर दहा लांब बोल्टांनी दाबून बसवलेलं असतं. दोघांच्या मध्ये पातळ, भोकाभोकांचं गॅस्केट. एकीकडे आग पेटतेय, एकीकडे पाणी खेळतंय, तिसरीकडे तेल. हे तिघं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ते बिचारं मध्ये चिरडून पडलेलं असतं. पाणी आटलं, गाडी तापली, मालकाने तापमानाच्या काट्याकडे कानाडोळा केला, की ते फुटतं. मागून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि तेल दूध घातल्यासारखं. मग हेड उतरवायचं, लेथवर नेऊन सपाट करून आणायचं, नवं गॅस्केट घालायचं आणि दहा बोल्ट परत आवळायचे.

ते बोल्ट ज्या भोकांत जातात ती खालून बंद असतात. हेड उतरवताना पाणी, तेल, जुन्या गॅस्केटची खरवडलेली काळी पूड, सगळं त्यात जाऊन बसतं. ती साफ करण्याचं काम वहिनींचं. सायकलच्या चाकाचा एक आरा त्यांनी टोकाला वाकवून घेतला होता. त्याला चिंधी गुंडाळायची, तळापर्यंत घालायची, गरागरा फिरवायची, बाहेर काढून शेजारी कागदावर ओळीने मांडायची. एका भोकाला एक चिंधी. कागदावर दहा झाल्या की काम संपलं. कंप्रेसरची हवा मारली की हे दोन मिनिटांत होतं, असं त्यांना कितीतरी जणांनी सांगितलं. पण हवेने घाण उडून सिलिंडरमध्ये पडते, म्हणून वहिनींना ते पटायचं नाही. "घर झाडायचं सोडून पंखा लावून बसता का तुम्ही?" असं त्या विचारायच्या.

लग्नाआधी वहिनी एका शिंप्याच्या दुकानात काजं करायच्या. सुई एका दमात ओवणारी पोरगी म्हणून तिथे त्यांचं नाव होतं. लग्नानंतर त्या दुपारचा डबा घेऊन गॅरेजात यायच्या. एक दिवस मिस्त्रींचा मदतनीस न सांगता काम सोडून गेला आणि मिस्त्री तोंडात टॉर्च धरून गाडीखाली झोपलेले त्यांना दिसले. वहिनींनी तो टॉर्च त्यांच्या तोंडातून काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "कुठे धरू?" तो धरला तो धरलाच. त्याला सत्तावीस वर्षं झाली. मुलगी गॅरेजातल्या टायरमध्ये बसून वाढली आणि आता दूरच्या शहरात नोकरी करते. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे तिला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचा तिला अभिमान आहे.

मिस्त्री बोलायला कमी. त्यांचं सगळं बोलणं उजव्या हातात. बोल्ट किती आवळायचा हे मोजायला टॉर्क पाना असतो, ठरावीक जोर झाला की तो टक्‌ असा आवाज करतो. मिस्त्रींकडे तो होता, खोक्यात, कोरा करकरीत. ते साध्या लांब पान्याने आवळायचे, तीन फेऱ्यांत, मधून सुरू करून कडेला. समोरचा लेथवाला, ज्याला गप्प बसणं जन्मात जमलं नाही, त्याने एकदा पैज लावून एका इंजिनाचे दहाही बोल्ट टॉर्क पान्याने तपासले. सगळे सारखे निघाले. तेव्हापासून तो मिस्त्रींना 'वजनकाटा' म्हणायला लागला आणि गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली.

पण गेल्या वर्षापासून त्या हातात काहीतरी बिनसलं होतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, मुंग्या यायच्या. एकदा भरलेला कप हातातून सुटला. मिस्त्री म्हणाले, कप ओला होता. वहिनी हो म्हणाल्या. आता वहिनींचं ऐका. त्या वर्तमानपत्र आधी हातभर लांब धरायला लागल्या, मग हात पुरेना तेव्हा त्यांनी वाचणंच सोडलं आणि हल्ली त्यात काही नसतं असं जाहीर केलं. मुलगी फोनवर म्हणाली, आई, चष्मा कर. वहिनी म्हणाल्या, सुई ओवणाऱ्या बाईला कसला चष्मा. सुई ओवून किती वर्षं झाली, हे कोणी विचारलं नाही. थोडक्यात, नवरा-बायको दोघंही एकमेकांचं दुखणं पाहत होते आणि दोघंही आंधळ्याचं सोंग घेऊन बसले होते.

अशात गुरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप आली. तिशीतली मुलगी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, जीप मात्र तिच्याहून म्हातारी. दिवसभर वाड्यावस्त्या, गोठे. गाडी तापत होती, तरी रेटली, आणि व्हायचं ते झालं. मिस्त्रींनी हेड उतरवलं, लेथवाल्याने सपाट करून दिलं, वहिनींनी भोकं साफ केली, मिस्त्रींनी बोल्ट आवळले. गाडी माठातल्या पाण्यासारखी थंड चालायला लागली. डॉक्टरीणबाई दोनदा थँक्यू म्हणून गेल्या.

नऊ दिवसांनी जीप परत आली ती ट्रॅक्टरमागे दोर बांधून. डॉक्टरीणबाई उतरल्या. चिडलेल्या दिसत नव्हत्या, फक्त थकलेल्या.

"काका, माळावर थांबली," त्या म्हणाल्या. "धूर, वाफ, सगळं. एका गाईचं वासरू अडलं होतं, तिकडे चालले होते. दुधाच्या टेम्पोत बसून गेले."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"गाय वाचली. वासरू गेलं." त्यांनी किल्ली बाकावर ठेवली. "अर्धा तास आधी पोचले असते तर कदाचित निघालं असतं."

एवढं बोलून त्या गेल्या. मिस्त्रींनी किल्ली उचलली आणि ते कामाला लागले. दुपारपर्यंत हेड उतरलं. गॅस्केट मागच्या कोपऱ्यात जळालेलं, अगदी केबिनच्या पत्र्याला लागून. आणि त्या कोपऱ्यातला बोल्ट, जो सैल करायला दोन्ही हातांनी लटकावं लागतं, तो पान्याच्या अर्ध्या ओढीत सुटला होता. मिस्त्रींनी तो वहिनींसमोर धरला.

"आवळलाच गेला नव्हता. मी आवळला असं समजलो."

"एखादा राहतो," वहिनी म्हणाल्या.

"माझा नाही राहत." त्यांनी उजवा हात उघडला, मिटला. "हात गेला माझा. गेलं वर्षभर जातोय, तुलाही माहीत आहे. एक वासरू मेलं त्याच्यापायी. उद्या एखादा माणूस मरायचा."

मग त्यांनी हमरस्त्यावरच्या मोठ्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला फोन लावला. उद्या सकाळी दहाला ये, म्हणाले, एक हेड बसवून दे. काम मी काढलंय, पण पुरं करणार नाही. फोन ठेवून ते वहिनींना म्हणाले, "ही जीप गेली की शटर खाली. मला समजावत बसू नकोस." आणि लेथवाल्याला हाक मारून, दोघं हेड उचलून घेऊन गेले.

शटर खाली म्हणजे फक्त गॅरेज बंद नव्हे, हे वहिनींना नवऱ्याच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. हा माणूस घरी बसून काय करेल? भिंतीकडे बघेल आणि हात उघडेल, मिटेल. त्या हाताच्या कामाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याच्याखेरीज त्याला कसला गर्वही नव्हता.

निदान आपलं काम तरी नीट करू, म्हणून वहिनींनी चिंध्यांची जुडी काढली. एरवी त्या टॉर्चवर भागवायच्या. आज घरातून टेबललॅम्प आणला, लांब वायर लावून पार मागच्या पत्र्यापर्यंत नेला. नऊ चिंध्यांवर तेल, पाणी, थोडा तांबूस गंज. दहावी, मागच्या कोपऱ्यातली, बाहेर आली ती काळ्या चिखलाने माखलेली. त्यांनी तो चिखल बोटांत चोळला. रवाळ लागला. नखावर घेऊन दिव्याखाली धरला, हात लांब करून, डोळे बारीक करून.

जुन्या गॅस्केटची खरवडलेली पूड होती ती. पण आज तर अजून कोणी काही खरवडलंच नव्हतं. म्हणजे ही नऊ दिवसांपूर्वीची. म्हणजे हे भोक त्या दिवशी साफ झालंच नव्हतं.

वहिनी मडगार्डला टेकल्या. त्यांना ती दुपार जशीच्या तशी आठवली. मागचा कोपरा अंधारा, काही धड दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटाने चाचपून आरा घातला होता. आणि शेवटची चिंधी स्वच्छ निघाली होती. पांढरी. एक चिंधी वाचली, धुवायला नको, असं म्हणून त्यांना चक्क बरं वाटलं होतं. शेजारच्याच भोकात दुसऱ्यांदा घातली होती ती. कागदावर दहा चिंध्या होत्या, पण साफ झालेली भोकं नऊ.

पाणी दाबून दबत नाही, हे मिस्त्रींनीच त्यांना केव्हातरी शिकवलं होतं. बंद भोकात पाणी राहिलं की बोल्ट त्या पाण्यावर जाऊन टेकतो. वरून वाटतं आवळला. खरं म्हणजे तो हेडला दाबतच नसतो. मग इंजिन तापतं, निवतं, पाणी बोल्टाच्या आट्यांतून हळूहळू वर सरकतं, आणि आठ-दहा दिवसांत बोल्ट सैल. तिथे हात काय करणार? खोक्यातला कोरा टॉर्क पाना आणला असता तर त्यानेही टक्‌ करून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं असतं.

वासरू मेलं ते मिस्त्रींच्या हातापायी नव्हे. वहिनींच्या डोळ्यांपायी. डोळ्यांपायीही नव्हे, खरं सांगायचं तर ऐटीपायी.

त्यांनी ती काळी चिंधी घट्ट मुठीत धरली. कोणी पाहिलं नव्हतं. चूल पेटवायला एक चिंधी कमी-जास्त, कोण विचारतंय. आणि लगेच त्यांना स्वतःची शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून माणूस लगेच खरं बोलतो असं थोडंच आहे. तासाभराने मिस्त्री परत आले तेव्हा वहिनी अर्धंच बोलल्या.

"मागच्या कोपऱ्यातल्या भोकात पाणी होतं."

"गॅस्केट फुटलं की उतरणारच," मिस्त्री म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "तेच म्हणते मी."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, यात नवल नाही. नवल हे की मिस्त्री गाढ झोपले. ज्याने आपली चूक मान्य केली त्याला झोप लागते, चूक त्याची असो वा नसो. वहिनी त्या घोरण्याकडे कान देऊन पडून राहिल्या, आणि आपण या माणसाची उरलेली सगळी वर्षं एका चिंधीत गुंडाळून चुलीत घालायला निघालोय, असं त्यांना वाटत राहिलं.

सकाळी आठला दोघं गॅरेजात आले. मेकॅनिक दहाला यायचा होता. मिस्त्री स्टुलावर बसून पाने पुसून पेटीत लावत होते, लहान-मोठे, ओळीने. ते पाने परत बाहेर काढायचे नाहीत अशा बेताने लावत होते, हे वहिनींना दिसलं. त्यासाठी चष्मा लागत नव्हता.

त्यांनी ती चिंधी बाकावर टाकली.

"हे नवं पाणी नाही," त्या म्हणाल्या. "बघा. जुन्या गॅस्केटची पूड आहे त्यात. मी त्या दिवशी हे भोक पुसलंच नव्हतं. शेजारचं दोनदा पुसलं. मला दिसत नाही तिकडचं. जवळचं काहीच दिसत नाही, दोन वर्षं झाली. काल मला कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

मिस्त्रींनी चिंधी उचलली. बोटांत चोळली. बधिर बोटांनी नव्हे, डाव्या हाताच्या. मग खिडकीशी नेऊन पाहिली. वहिनी शिव्या खायच्या तयारीने उभ्या होत्या. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे मला लागलं होतं ते खरं होतं," मिस्त्री म्हणाले.

"काय लागलं होतं?"

"तो बोल्ट. बाकीचे नऊ हळूहळू जड होत आले, मऊ मातीत खुंटी रुतावी तसे. हा एकदम थांबला. तिसऱ्या फेरीला मी पाना काढून उभा राहिलो होतो. आठवतं?"

वहिनींना आठवत होतं. मिस्त्री थांबले होते, हात झटकला होता, परत पाना घातला होता. मुंग्या आल्या असतील, असं समजून वहिनींनी तोंड फिरवलं होतं.

"मग काढला का नाही? काढून बघायचा."

"भोक तू पुसलं होतंस," मिस्त्री म्हणाले. "ते ओलं असेल असं मनातच आलं नाही. सत्तावीस वर्षांत तू पुसलेलं एकही भोक मी परत बघितलेलं नाही. म्हटलं, तिचं बरोबर आहे, म्हणजे हातच खोटं सांगतोय."

हे ते इतकं सरळ बोलले, जणू हवापाण्याविषयी बोलताहेत. वहिनी खाली बसल्या, तिथेच, तेलकट फरशीवर. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी येऊ दिलं. ज्या हातावर सगळा गाव विश्वास ठेवायचा, त्या हातावर त्या माणसाने स्वतः ठेवला नाही, आणि तो ठेवला कुणावर, तर कागदावरच्या चिंध्या मोजणाऱ्या बाईवर. कोणी इतका विश्वास टाकतोय हे आधी कळलं असतं तर त्यांनी दहादा चष्मा लावला असता. पण हे असं घरात कोणी बोलतं का? बोलत नाही, आणि मग वासरं मरतात.

"हातात मुंग्या येतात, ते खरं आहे," थोड्या वेळाने मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरला दाखवतो. तूही चल. डोळ्यांच्या."

"आधी एक फोन करायचाय," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि जे नवऱ्याला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, रडू आवरून, एकही शब्द कमी न करता. पलीकडे कुठेतरी गाय हंबरत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत की जाऊ द्या. म्हणाल्या, "मी मनातून काकांना बोल लावत होते. बरं झालं सांगितलंत." मग म्हणाल्या, "गाडी आज मिळेल?"

"संध्याकाळी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. वासरू काही परत आलं नाही, येणारही नव्हतं. पण आता ते ज्याच्या नावावर असायला हवं त्याच्या नावावर होतं.

मिस्त्रींनी मेकॅनिकला नको म्हणून कळवलं. लेथवाला हेड घेऊन आला, दोघांची तोंडं बघून काहीतरी विनोद करायला निघाला, आणि त्याचा त्यानेच गिळला. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

वहिनींनी सिलिंडरांत आणि भोकांत कापडाचे बोळे कोंबले, इंजिनाचा वरचा भाग खरवडला, बोळे काढले. मग लॅम्प लावून भोकं पुसली, एकेकात तीन-तीन चिंध्या, शेवटची कोरी निघेपर्यंत, आणि पुसून झालेल्या प्रत्येक भोकापाशी खडूची खूण केली. मिस्त्रींनी नवं गॅस्केट हातात घेतलं. आता ते ठेवायचं, वर हेड, आणि मग बोल्ट. मिस्त्री गॅस्केट धरून उभे राहिले. ठेवत नव्हते.

ते कशासाठी थांबलेत हे वहिनींना कळलं. भोकं आपण एकदा बघायला हवीत हे मिस्त्रींना कळत होतं, पण ते तोंडाने म्हणवत नव्हतं. चाळिशी कधीच उलटलेला हा माणूस नव्या नवरदेवासारखा अवघडला होता.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "लाजताय काय? मी बघा म्हणतेय ना."

मिस्त्रींनी गॅस्केट बाजूला ठेवलं आणि इंजिनावर वाकले. वहिनींनी टॉर्च धरला. मिस्त्रींनी पहिल्या भोकात डोकावून पाहिलं, मग दुसऱ्यात. वहिनींना ते आत कुठेतरी लागत होतं, प्रत्येक भोकाला नव्याने, तरी त्यांनी प्रकाश हलू दिला नाही. मागच्या कोपऱ्यात त्यांनी टॉर्च आणखी आत नेला, नवऱ्याला नीट दिसावं म्हणून. मिस्त्रींनी दहाही भोकं बघितली.